विषय: कुत्र्याला घेऊन योसेमिटी, कोणी गेलंय का?

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये सासू-सासरे साताऱ्याहून येतायत, मुलांची शाळाही सुटलेली असेल, म्हणून इथल्या, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला दोन-तीन रात्री टेंटमध्ये राहायचं डोक्यात आहे. पण ह्या वेळी घरात सिम्बा आहे, शेल्टरमधून आणलेला लॅब मिक्स, अंगाने रेडा आणि स्वभावाने गाय. त्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचं नाव काढलं तरी मुलं रडतात. पार्कच्या साइटवर लिहिलंय की पेट्स अलाउड, मग चालेल ना? तिथल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडचं बुकिंग पाच महिने आधी 15 तारखेला सकाळी 7 ला उघडतं म्हणे, मी अलार्म लावून बसणारे. आणखी काय काय बघायचं ते सांगा प्लीज.
सिम्बाची आई, डब्लिन (कॅलिफोर्निया)

---

उत्तर: कुत्र्याला घेऊन योसेमिटी

ताई, अलार्म लावा पण आधी हे वाचा. अलाउड आहे, पण कुठे? डांबरी रस्ते, सायकलचे पाथ, कॅम्पग्राउंड आणि पार्कमधल्याच वावोनाला कुरणाभोवतीचा एक लूप, साधारण एवढंच. मिस्ट ट्रेल नाही, व्हर्नल फॉलचा धबधबा नाही, शटल बसमध्ये तर नाहीच नाही. पट्टा 6 फुटांपेक्षा लांब चालत नाही आणि टेंटपाशी बांधून "आलोच तासाभरात" म्हणून निघून जाणंही चालत नाही, म्हणजे एक माणूस कायम कुत्र्यापाशी अडकणार. आमच्याकडे तो माणूस मी असतो. बायको-मुलं धबधब्यात भिजून येतात, मी आणि आमची कुत्री चिंगी पार्किंग लॉटमध्ये चकरा मारतो.

माझं म्हणाल तर कुत्रा बरोबर असेल तेव्हा नॅशनल पार्क सोडा, नॅशनल फॉरेस्ट धरा. पार्क इंटिरियर खात्याचे, फॉरेस्ट शेती खात्याचे, त्यामुळे नियमही वेगळे. फॉरेस्टमधल्या बहुतेक ट्रेल्सवर कुत्रा पट्ट्याने बरोबर येऊ शकतो. सिएराचे डोंगर तेच, पाइनची झाडं तीच, फक्त योसेमिटीचा तो हाफ डोमचा कडा दिसत नाही.

आम्ही जातो हायवे 4 ने लेक अल्पाइनला, स्टॅनिस्लॉस नॅशनल फॉरेस्टमध्ये. स्टॉकटन, एंजल्स कॅम्प, मर्फीज, आर्नल्ड करत बेअर व्हॅलीच्या पुढे. तळं साधारण 7300 फुटांवर आहे, पाणी इतकं गार की मुलं किंचाळत आत जातात आणि किंचाळत बाहेर येतात, चिंगी मात्र काठी फेकली की डायरेक्ट उडी. जूनमध्येही रात्री थंडी पडते, सासूबाईंना स्वेटर, कानटोपी सगळं द्या. आणि बेअर व्हॅलीच्या पुढचा रस्ता बर्फ निघाल्यावरच उघडतो, कधी मे कधी जून, त्यामुळे तारीख महिनाअखेरची घ्या आणि निघायच्या आधी कॅलट्रान्सची, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याची, साइट बघा. डासांचं औषध विसरू नका, बर्फ वितळल्यावर डास फोडून काढतात.

वाटेत कॅलावेरस बिग ट्रीज स्टेट पार्क लागतं, सिकोयाची अवाढव्य झाडं, आजी-आजोबांना नक्की आवडेल, नॉर्थ ग्रोव्हची वाट जवळजवळ सपाट आहे. पण ते स्टेट पार्क, तिथे ट्रेलवर कुत्रा नाही, फायर रोडवर, म्हणजे आगीच्या बंबांसाठीच्या कच्च्या रस्त्यावर, चालतो. म्हणजे पुन्हा पाळी लावा.

अस्वलं आहेत. कुत्र्याचं खाणं, रिकामं भांडं, ट्रीट्स, सगळं रात्री बेअर लॉकरमध्ये (अस्वलाला उघडता येत नाही अशी लोखंडी पेटी), गाडीत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुसळं. इथे फॉक्सटेल म्हणतात. एंजल्स कॅम्प-मर्फीजच्या पट्ट्यात उन्हाळ्यात रस्त्याकडेचं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं, तिथे शू करायला उतरवलं की कुसळ पंजात, कानात, नाकात घुसतं आणि काटे एकाच दिशेने असल्यामुळे ते आत आतच सरकतं, बाहेर येत नाही. कुत्रा एकदम शिंकांवर शिंका द्यायला लागला किंवा कान झटकत राहिला तर वाट न बघता व्हेट. गाडीत चढवण्याआधी बोटांच्या मधली जागा बघायचीच, त्याच वेळी गोचिड्याही बघून होतात.
चिंगीचा बाबा, सॅन होजे

---

उत्तर: कुत्र्याला घेऊन योसेमिटी

दादांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त खाण्याचं लिहिते. आपल्या डब्यातलं निम्मं सामान कुत्र्याला चालत नाही. कांदा, लसूण, कच्चा असो की शिजवलेला, नाहीच, म्हणजे कांदेपोहे, थालीपीठ, भाजी सगळं बाद. मनुका तर फारच वाईट, किडनीवर जातं, आणि बेसनाच्या लाडवावर आपण हौसेने मनुका लावतो. शुगरफ्री च्युइंग गममध्ये साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉलही तसंच घातक. आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, कारण आजोबा लोक टेबलाखालून हळूच देतात. साधा भात आणि मीठ न घातलेलं उकडलेलं चिकन बरोबर घेतलं की झालं.

दुसरं, स्टॉकटनला जूनमध्ये ऊन मरणाचं असतं. गॅस भरताना, चहाला थांबताना कुत्रा गाडीत ठेवून सगळ्यांनी आत जाऊ नका, काच थोडी उघडी ठेवून भागत नाही. 2017 पासून आपल्या कॅलिफोर्नियात कायदा आहे, गाडीत जनावर जिवाला मुकेल असं दिसलं तर पोलिसांना कळवून कोणीही काच फोडू शकतं.
एक काकू, फ्रीमाँट

---

उत्तर: कुत्र्याला घेऊन योसेमिटी

राग नका मानू पण दुसरी बाजूही सांगतो. माझी मुलगी कुत्र्याला घाबरते आणि दर कॅम्पग्राउंडला कोणीतरी सुटा कुत्रा घेऊन येतो आणि लांबूनच ओरडतो, काही करत नाही हो तो! त्याला माहीत असेल, माझ्या मुलीला कसं माहीत असणार. पट्टा लावा, हगलेलं पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत न्या, पिशवी ट्रेलच्या कडेला ठेवून "येताना उचलू" म्हणून जाऊ नका, येताना कोणी उचलत नाही.
मिलपीटस

---

उत्तर: कुत्र्याला घेऊन योसेमिटी

मिलपीटसकर, एकदम मान्य, सिम्बा पट्ट्यातच असेल.

बाकी सगळ्यांना खूप थँक्यू. योसेमिटी कॅन्सल, लेक अल्पाइन ठरलं, जूनचा शेवटचा आठवडा. सासूबाईंना फोनवर विचारलं की बिग ट्रीजला कुत्र्यापाशी कोण बसेल, तर म्हणाल्या मी बसते, मला कुठे चढायचंय, फक्त खुर्ची चांगली घे. सासरे म्हणाले मनुकांचे लाडू मग मी एकटा खाईन.

चिंगीचे बाबा, तुम्हीही त्याच सुमारास जाणार असाल तर शेजारशेजारच्या साइट्स बघूया का? आमच्याकडे दोन बर्नरची शेगडी आहे, पण मोठा तवा नाही.
सिम्बाची आई