लाठीमाराचा आदेश देणाऱ्याचं नाव जाहीर व्हायला हवं की नको?

पवनाकाठ
मी मावळातला. ९ ऑगस्ट २०११ आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध म्हणून शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला, त्यात एक बाई होती. पुढे चौकशी आयोग बसला.

१ सप्टेंबर २०२३ ला जालन्याच्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या उपोषणाच्या जागी लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. पण आदेश मंत्रालयातून गेला नव्हता, असं सरकारनेच सांगितलं. मग गेला कुठून?

माझी मागणी एकच आहे. लाठी किंवा गोळी चालली की चोवीस तासांत जाहीर करा: आदेश कोणी दिला, किती वाजता दिला, त्याआधी कोणता इशारा दिला. माफी आणि बदलीने हे कळत नाही.

हवालदाराची लेक
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण मला हे पटत नाही. माझे वडील तीस वर्षं बंदोबस्त करून निवृत्त झाले. एका मोर्चात दगड लागून डोळ्याखाली सात टाके पडले. ज्याने मारला तो कधी सापडला नाही. त्याचं नाव चोवीस तासांत कोण जाहीर करणार होतं?

११ ऑगस्ट २०१२ चं मुंबईचं आझाद मैदान आठवा, तिथे निषेध सभेतला जमाव बिथरला होता. महिला शिपायांवर हात टाकला गेला, अमर जवान स्मारकाची मोडतोड झाली, जखमींमध्ये बहुतेक पोलीसच होते. मुंबईचे पोलीस आयुक्त अरूप पटनायक यांनी संयम ठेवला म्हणून मोठा रक्तपात टळला, असं अनेकांचं मत होतं. त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. मारलं तरी बदली, थांबलं तरी बदली. त्यात नावही जाहीर करायचं ठरलं, तर उद्या समोर पेट्रोलच्या बाटल्या आल्या तरी कुठलाही फौजदार आदेश द्यायला धजणार नाही. मार खाईल तो पुढच्या रांगेतला शिपाई.

काळा कोट
ताई, कायद्याने आदेश देणारा आजही ठरलेलाच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची १२९ ते १३२ ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४८ ते १५१ झाली. जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देतो किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी. तो हजर नसेल तर फौजदार किंवा त्याच्या वरचा अधिकारी. म्हणजे नाव असतंच, ते बाहेर येत नाही. आणि याच कलमांखाली केलेल्या कारवाईबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. सद्भावनेने वागलेल्या पोलिसाला संरक्षण भरपूर आहे. नाव जाहीर झालं म्हणजे फाशी झाली असं नव्हे.

सरळसोट
रस्ता अडवून बसणाऱ्यांची नावं कोण जाहीर करतं? महामार्ग चार तास बंद, रुग्णवाहिका अडकलेली, पोलीस हात जोडून थकतात. मग दोन काठ्या पडल्या की अत्याचार! जमाव बेकायदा ठरला आणि पांगा म्हणून सांगितलं, तर पांगायचं. उत्तर आधी जमावाने द्यावं, मग वर्दीने.

घाटकोपरकर
सरळसोट, दोन काठ्यांचं सोडा. ११ जुलै १९९७. रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला, लोक चिडून महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या चालवल्या, दहा माणसं मेली. टँकर पेटवले जाणार होते, असा बचाव होता. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. आदेश देणारे फौजदार मनोहर कदम यांना जन्मठेप झाली ती २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, आणि पुढे उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला.

इथे तर आदेश देणारा पहिल्या दिवसापासून माहीत होता. तरी बारा वर्षं. म्हणून पवनाकाठ यांना माझं सांगणं, नुसतं नाव कळून भागत नाही. तपास त्याच खात्याकडे राहिला तर नाव कागदावरच राहतं.

पवनाकाठ
हे मान्य. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला २०१४ मध्ये. आणि ते प्राधिकरण स्वतः शिक्षा करू शकत नाही, अहवाल सरकारकडेच जातो. ज्या सरकारचा बंदोबस्त, त्याच सरकारच्या टेबलावर.

सरळसोट, रस्ता अडवणाऱ्यांची नावं तर त्याच रात्री लागतात हो. सरकारी कामात अडथळा, दंगल, कधी खुनाचा प्रयत्न. पोरांची पोलीस भरती, पासपोर्ट सगळं अडतं. तारखांना हजर राहून माणूस म्हातारा होतो. जमाव उत्तर देतोच, वर्षानुवर्षं देतो.

हवालदाराची लेक
थोडं माझंही ऐका. खालचा शिपाई हुकमाचा ताबेदार असतो. निलंबन झालं की त्याचं होतं, मोठा साहेब बदलीवर सुटतो. या अर्थाने नाव जाहीर होणं बाबांसारख्यांच्या फायद्याचं आहे, हे मला काल रात्री विचार करताना जाणवलं. पण चोवीस तास नको. तेव्हा गावं पेटलेली असतात, साहेबाच्या घरावर मोर्चा जाईल, आत त्याची लेकरं असतात. मी पोलीस वसाहतीत वाढले आहे, दाराला आतून कपाट लावून बसलेली रात्र मला आठवते.

अंबडकर
ताई, लेकरं आमच्याकडेही होती. अंतरवालीत उपोषणाच्या मांडवात बाया होत्या, म्हातारी माणसं होती. पोलिसांनाही दगड लागले, महिला पोलीस जखमी झाल्या, ते मी नाकारत नाही. नाव गावाला सांगायला भीती वाटते ना, मग निदान सात दिवसांत न्यायालयात बंद पाकिटात द्या, सोबत इशारा दिल्याचं चित्रीकरण द्या.

हवालदाराची लेक
बंद पाकीट चालेल. पण दगड मारणाऱ्यांचं चित्रीकरणही त्याच पाकिटात.

अंबडकर
द्या. पूर्ण द्या, पहिल्या मिनिटापासून, मधलं काही न कापता.