मदत हवी आहे: हरिश्चंद्रगडावर ऊन, पाऊस, थंडी एकाच दिवसात; तेरा वर्षांच्या मुलीला कोणते कपडे घालू?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीला घेऊन पुन्हा हरिश्चंद्रगड करायचा आहे, खिरेश्वरहून, टोलार खिंडीच्या वाटेने. वर एक मुक्काम. जाणकारांचा सल्ला हवा आहे, कारण गेल्या वर्षी माझा अंदाज साफ चुकला.

सकाळी कडक ऊन होतं. दोघींच्या अंगात सुती टी-शर्ट, तिची जीन्स. खिंडीत पोचेपर्यंत टी-शर्ट घामाने पाठीला चिकटले. कातळटप्पा चढून वर आलो तर परतीच्या पावसाने गाठलं. अर्धा-पाऊण तासच पडला, पण मग जो वारा सुटला त्यात पोरगी कुडकुडायला लागली. ओठ निळे पडले, बुटाची नाडी सोडता येईना. मंदिराजवळच्या झोपडीत चुलीपाशी बसवल्यावर कुठे नीट बोलायला लागली. पिळून वाळत घातलेली जीन्स सकाळीही ओलीच. तीच घालून उतरली आणि मांड्या सोलवटल्या. तिने घरी अवाक्षर काढलं नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

आतला टी-शर्ट पॉलिस्टरचा घ्यावा की मेरिनो लोकरीचा? मेरिनो फार महाग, आणि वर्षभरात तिचं माप बदलेल. दुसरं, माझा रेनकोट. तो घालूनही मी भिजले होते. रात्री बाही उलटी केली तर आतून सगळीकडे बारीक थेंब, शिवणी मात्र कोरड्या. तो गळतोय का? ब्रीदेबल घेतला तर फरक पडेल? शिवाय आईने विणलेला एक जुना स्वेटर आहे. लोकर ओली झाली तरी ऊब धरते म्हणतात, पण हा लोकरीचा की ॲक्रिलिकचा, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद

ताई, रेनकोट गळत नाहीये, तो तुमचा घाम आहे. ब्रीदेबल कापड आतली वाफ बाहेर सोडतं, पण बाहेरची हवा कोरडी असेल तर. आपल्या घाटात पावसात हवाच दमट. त्यापेक्षा काखेत चेन असलेला कोट बघा. चढताना चेन उघडी, वारा लागला की बंद.

टी-शर्ट पॉलिस्टरचाच घ्या. तो धागा वजनाच्या एक टक्काही पाणी पीत नाही, म्हणून अंगावरच वाळतो. सुती कापड पाणी धरून बसतं आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढत राहतं. पॉलिस्टरला घामाचा वास लवकर लागतो, तेव्हा रात्रीसाठी एक जास्तीचा ठेवा. जीन्स अजिबात नको.

स्वेटरचा एक धागा जाळून बघा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी उरतो. लोकरीचा निघाला तरी चढताना घालू देऊ नका. कोरड्या मोज्यांसोबत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवा, कारण नुसतं सॅकचं कव्हर पाठीच्या बाजूने पाणी आत घेतं. आणि पठारावर पोचल्या पोचल्या, ती कुडकुडायची वाट न बघता, ओला टी-शर्ट बदलायला लावा.

धागाकर्ती

मनापासून आभार. धागा आत्ताच गॅसवर धरला. केसांचाच वास आला, राखही चुरडली. बाह्या तिला लांब होतील, त्या दुमडू. तिच्या पीटीच्या पँटच्या लेबलवर ६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के कॉटन लिहिलंय. ही चालेल की नवी घेऊ?