शाळेतल्या समुपदेशकाकडे कोणती कामं द्यावीत?

पाटीपेन्सिल:
आमच्या शाळेत ९वी ते १२वीची साधारण ६०० मुलं आहेत. पुढच्या सत्रापासून एक पूर्णवेळ समुपदेशक येतायत. गैरहजेरी, शिस्त, रिकामे तास, करिअर मार्गदर्शन हे सगळं त्यांच्याकडेच द्यायचं घाटतंय. मुलांना खरोखर उपयोग व्हावा म्हणून काम कसं आखावं? आणि मुलांनी सांगितलेलं पालकांना कितपत कळवायचं?

उंबरठा:
शिस्त आणि रिकामे तास आधी वगळा. सकाळी ज्याने शिक्षा केली, त्याच्यापाशी दुपारी कुणी मन मोकळं करत नाही. गैरहजेरीचं मात्र राहू द्या, पण नोटीस काढायला नव्हे, मूल का येत नाही ते शोधायला.

अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी सुचवते. ६०० मुलांना एकेकटं भेटणं शक्यच नाही. म्हणून झोप, अभ्यासाचं नियोजन, मदत कशी मागावी हे विषय वर्गावर घ्यावेत. परीक्षेची भीती किंवा घरातला मृत्यू अशा समान अडचणीच्या मुलांचे ६ ते ८ जणांचे गट करावेत, आठवड्यातून एकदा, ६-७ बैठका. मग वैयक्तिक भेटींना वेळ उरतो. मुलांना दर वेळी त्याच तासाला बोलावू नका, एकाच विषयात ती मागे पडतात. आणि खोली शिक्षक-खोलीला लागून नको. कोण आत गेलं हे सगळ्यांना दिसलं की मुलं फिरकत नाहीत.

सावली:
गोपनीयतेबद्दल. पहिल्याच भेटीत, मूल काही सांगायच्या आधी, साध्या शब्दांत सांगायचं: "इथलं बोलणं इथेच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझा छळ करत असेल, तर मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल. कुणाला आणि काय सांगणार हे आधी तुला सांगेन." ही मर्यादा नंतर सांगितली तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं. पालकांना "ती माझ्याशी बोलतेय, घरी झोपेकडे लक्ष द्या" एवढं बहुतेकदा पुरतं. भेटींच्या नोंदी प्रगतिपुस्तकाच्या फाइलीत ठेवू नयेत. कायद्याने काय कळवणं बंधनकारक आहे, ते मात्र रुजू व्हायच्या आधीच लेखी घ्या.

जीव द्यायचा विचार येतो का, हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बरेचदा मुलाला सुटल्यासारखं वाटतं. "असं करणार नाही" असं लिहून घेण्यावर विसंबू नका, त्याने धोका कमी होतो असं दिसलेलं नाही. सुरक्षा-योजना करा: धोक्याची चिन्हं कोणती, एकट्याने काय करता येईल, कुठे किंवा कुणासोबत मन रमेल, कुणाकडे मदत मागायची, डॉक्टरांचा नंबर, आणि घरातली औषधं-कीटकनाशकं कुलपात. हे शेवटचं पालकांशिवाय होत नाही. तोवर मुलाला एकटं सोडायचं नाही.

उंबरठा:
करिअरबद्दल एवढंच: आवडीची चाचणी बोलणं सुरू करायला चांगली, एका निकालावर शाखा ठरवायला नाही.

पाटीपेन्सिल:
आभारी आहे. बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवताना काय चुकतं?

सावली:
नुसता नंबर हातात दिला जातो. फोन तिथेच लावून भेटीची वेळ ठरवा, शाळा आणि डॉक्टर यांच्यात बोलणं व्हायला पालकांची लेखी संमती घ्या, आणि मूल खरंच गेलं का हे आठवड्याभरात विचारा. गेलं नसेल तर पैसे, अंतर की घरच्यांची लाज, ते शोधा. तिन्हींवर उपाय वेगळा आहे.