आबांचं गोळीचं मशीन: झिजलेले पार्ट बदलू की तसेच ठेवू?

बोरीकाठ, अमळनेर

राम राम मंडळी. आमचे आबा जत्रेत खेळांचे स्टॉल लावायचे. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, चैत्रात धुळ्याला एकविरा देवी, दत्त जयंतीला सारंगखेडा, अशी त्यांची वर्षाची फेरी ठरलेली. रिंगा टाकायचा खेळ, छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचा खेळ, आणि या सगळ्यांत वेगळं असं एक पिनबॉल. ते त्यांनी 1984 साली मुंबईच्या चोरबाजारातून ट्रकवर टाकून आणलं. आमच्याकडे त्याला कोणी पिनबॉल म्हटलं नाही. गोळीचं मशीन. आठ आण्याला पाच गोळ्या.

आबा गेल्या पौषात गेले. त्याआधी वीसेक वर्षं मशीन मागच्या खोलीत, कापसाच्या गोणपाटांखाली पडून होतं. दिवाळीनंतर मी ते बाहेर काढलं. अमेरिकेच्या गॉटलीब कंपनीचं आहे, एकाच खेळाडूचं, आकडे फिरणाऱ्या चाकांवर दिसतात. ट्रान्सफॉर्मर लावून चालू केलं तर दिवे लागले. तेव्हा आई चूल सोडून बघायला आली.

आता त्याची अवस्था सांगतो. रबरांना हात लावला की चुरा होतो. डावा फ्लिपर, म्हणजे गोळीला परत वर मारणारी दांडी, उचलतो, पण गोळी अर्ध्यावरूनच परत येते. उजवा जागचा हलत नाही. गुण मोजताना घंटी रेंगाळत वाजते. आतल्या खेळाच्या फळीवर खड्ड्यांच्या भोवती रंग जाऊन लाकूड उघडं पडलंय. अमळनेरला दुकानं बोरीच्या पात्रात लागायची, तिथली वाळू उडून आत जायची आणि गोळीखाली रगडली जायची, त्याचीच ही झीज. उभ्या काचेवरच्या चित्राचा रंग खालच्या कोपऱ्यात पापुद्र्यासारखा सुटलाय.

परदेशातल्या एका दुकानाकडून नव्या पार्टांचा हिशेब मागवला. फ्लिपरचे संच, रबरं, बल्ब, गोळ्या आणि नवी छापलेली फळी धरून 68 हजार रुपये. पोस्टेज आणि कस्टम वेगळं. धाकटा भाऊ म्हणतो, एवढ्यात तर ठिबकची नवी नळी होईल. पुण्याचा एक कॅफेवाला मशीन घ्यायला तयार आहे, तो म्हणतो काहीच बदलू नका. दुसरा एक म्हणतो, सगळं नवं करा मग बोलू.

डाव्या बाजूच्या लाकडी कडेवर एका जागी पॉलिश पार उडालंय, तिथे तळहात बरोबर बसतो. इतक्या वर्षांत किती जणांनी तिथे हात टेकला असेल. ती कड पॉलिश करायला माझं मन होत नाही. पण न चालणारं मशीन घरात ठेवून तरी काय करू? ज्यांनी अशी कामं केलीत त्यांनी सांगा.

धुळेकर 67

दादा, हात लावू नका. मी जुनी नाणी आणि रेडिओ जमवतो. जुनं नाणं घासून चकचकीत केलं की जाणकार ते खाली ठेवून देतो, इथेही तेच. गॉटलीब हे लहान नाव नाही. पिनबॉलला फ्लिपर पहिल्यांदा आले ते 1947 साली, याच कंपनीच्या मशीनवर. तुमचं आकड्यांच्या चाकांचं आहे म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड यायच्या आधीचं. मूळ फळी काढून नवी बसवली तर उरलं काय, पेटी आणि पाय. आहे तसं द्या कॅफेवाल्याला.

सिग्नलवाले नाना, भुसावळ

धुळेकर, नाण्याचं आणि मशीनचं एक नाही. नाण्याला काम नसतं. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात 34 वर्षं रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच, सांभाळले. 1990च्या आसपास गावातल्या एका खेळाच्या दुकानात असंच मशीन होतं, सुट्टीच्या दिवशी ते मी बघायचो. तेव्हा अनुभवावरून बोलतो, आणि त्यातले दोन अनुभव महागात पडलेले आहेत.

बोरीकाठ भाऊ, आधी मनाशी दोन वाटे करा. मार खाणारे भाग एकीकडे, डोळ्यांनी बघायचे भाग दुसरीकडे. मार खाणारे बदलायचेच. ते बदलण्यासाठीच बनवलेले असतात, सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखे. त्यात ओरिजिनलचा हट्ट धरला तर ओरिजिनल फळीच मरते.

सगळ्यात आधी गोळी. 27 मिलिमीटरची पोलादी गोळी, 80 ग्रॅमच्या आसपास वजन. आत्ताची गोळी उन्हात नेऊन बघा, देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतील. गंजलेली, खड्ड्यांची गोळी म्हणजे फळीवरून धावणारा काचकागद. वाळूने जे केलं तेच ती रोज करते. नवी गोळी हा सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि फळीला सगळ्यात जास्त तीच वाचवते.

मग रबरं. आपल्याकडच्या मे महिन्यात रबर कुठे टिकतं? सगळी काढा. अमेरिकेची मिळाली तर उत्तम, नाहीतर हायड्रॉलिकच्या दुकानात त्या मापाचे ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या, मिळतात. उसळी थोडी कमी मिळेल, पण खिळे उघडे राहणार नाहीत.

आता डावा फ्लिपर. तो अशक्त आहे म्हणून लगेच कॉइल, म्हणजे त्याला ओढणारी तारेची गुंडाळी, मागवू नका. कॉइल जळली असती तर वेढ्यांवरचा कागद काळा झाला असता, वास आला असता. आधी प्लंजर, म्हणजे कॉइलच्या आत मागेपुढे धावणारा लोखंडी दांडा, बाहेर काढा. त्याचं टोक ठोके खाऊन छत्रीसारखं पसरलेलं असेल, आणि ज्या नळीतून तो धावतो ती स्लीव्ह आतून घासलेली असेल. पसरलेलं टोक नळीत अडतं. टोक कानशीने सरळ करा, स्लीव्ह बदला, मागे प्लंजर आदळतो तो स्टॉप चेपला असेल तर तोही. आत तेल किंवा ग्रीस घालू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको. तिथे ठिणगी पडते.

त्याच फ्लिपरच्या मागे एक धातूच्या पातळ पानांचा स्विच आहे, फ्लिपर पूर्ण उचलला की तो उघडतो. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक दणका द्यायची आणि एक नुसतं धरून ठेवायची. पानं काळी पडली तर दणक्याच्या गुंडाळीला पुरता करंट जात नाही आणि फ्लिपर लुळा होतो. उलट स्विच उघडलाच नाही तर तीच गुंडाळी जळते. पानांवरची टोकं आधी साफ करा. इथे माझी चूक सांगतो. त्या दुकानातल्या मशीनच्या रिलेंना मी घाईत काचकागद मारला. चांदीच्या टोकांवर ओरखडे पडले, कण आत रुतले, आणि दोन महिन्यांत निम्मे रिले चिकटायला लागले. खात्यात ज्या कामासाठी दुसऱ्याला मेमो मिळाला असता ते मी स्वतः केलं. चांदीला बारीक पॉलिशची पट्टी, फार तर स्पिरिट लावलेला कोरा कागद पानांमध्ये धरून ओढायचा. एवढंच.

घंटी रेंगाळते, तो भाग झिजलेला नाही. मशीन अमेरिकेच्या 60 सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेसाठी बनलंय, आपली वीज 50 सायकलची. तुमचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. गुण मोजणारी मोटर त्यामुळे साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरते. जत्रेतही ती तशीच फिरत असणार. तिच्यावर पैसा घालू नका.

फ्यूज आधी बघा. जत्रेच्या धंद्यात फ्यूज उडाला की तार गुंडाळायची सवय असते. तार दिसली तर काढा आणि लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला.

आता बघायचे भाग. फळी बदलू नका. त्या दुकानदाराने माझं न ऐकता फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडून फळीवर लॅकर मारून घेतलं. थिनरने जुना रंग विरघळला आणि चित्रातल्या बाईचा चेहरा पुसला गेला. मी तिथेच उभा होतो. उघड्या लाकडावर ओलं फडकं फिरवू नका, प्लायवूड फुगतं. कोरड्या ब्रशने वाळू काढा, मेण लावा, खड्ड्यांपाशी पारदर्शक पातळ पट्टी चिकटवा, म्हणजे झीज तिथेच थांबेल. काचेचं चित्र मागच्या बाजूने रंगवलेलं असतं, ते मागून पुसायचंच नाही. आणि तिथले बल्ब बदला. 44 नंबरचे असतील तर 47 नंबरचे घाला. पहिला पाव अँपिअर खातो, दुसरा 150 मिलिअँपिअर. उष्णता कमी झाली की पापुद्रे सुटणं मंदावतं.

ती लाकडी कड आहे तशीच ठेवा. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून तारीख लिहून पेटीच्या तळाशी ठेवा, म्हणजे धुळेकरांसारख्या माणसालाही तक्रार उरणार नाही.

लेथवाली, जळगाव

स्लीव्हसाठी परदेशात जायची गरज नाही. एमआयडीसीत कोणीही टर्नर नायलॉनच्या रॉडमधून काढून देईल. नानांच्या बोलण्यात एक भर घालते. नायलॉन ओलावा पितं आणि फुगतं. पावसाळ्यात फ्लिपर परत अडेल. डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकचा रॉड मागा, तो माप सोडत नाही. जुनी स्लीव्ह व्हर्नियरने मोजा, पण झिजलेल्या ठिकाणी नाही, टोकापाशी. प्लंजर बोटाने सोडला की आपल्या वजनाने खाली यायला हवा, इतपत ढिलाई ठेवायला सांगा. चार नगांना चहापाण्याएवढा खर्च येईल.

पांझरेकाठचा

पार्टातलं मला काही कळत नाही. पण एकविरेच्या जत्रामा हाई मशीन मी खेळेल शे! आबा धोतर-टोपीमा बाजूले स्टूलवर बठेत. गोळी पडनी का म्हणेत, "आखो एक." भाऊ, ते इकू नको.

बोरीकाठ, अमळनेर

सगळ्यांचे आभार, आणि पांझरेकाठच्या भाऊंचे जास्त. ते आईला वाचून दाखवलं. आबांचं "आखो एक" आम्ही विसरलो होतो.

आज आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. एवढं झालंय. गोळ्या नव्या, रबरं जळगावची. डेलरिनच्या चार स्लीव्ह झाल्या. टर्नरने पैसे सांगितले तेव्हा मीच म्हटलं, थोडे वाढवून घ्या. डाव्या फ्लिपरचा प्लंजर खरंच छत्रीसारखा झाला होता. उजव्याचं दुखणं वेगळंच निघालं: कॉइलच्या टोकाशी तार तुटून लोंबत होती, एक टाका सोल्डरिंगचा. फ्यूजच्या जागी नाना म्हणाले तशी तांब्याची तारच होती, विडीच्या बंडलाच्या दोऱ्याने बांधलेली. ती काढली, पण पिशवीत ठेवली. परदेशातून फक्त बल्ब आणि फ्लिपरचे दोन स्टॉप मागवले. नवी फळी रद्द केली. 68 हजारांतले सगळं मिळून साडेनऊ गेले.

ताई आखाजीला माहेरी आलीय. नाण्याच्या फटीला आबांनी कानस मारलेली आहे, तिथे जुनं मोठं आठ आण्याचंच नाणं लागतं, नंतरचं स्टीलचं लहान नाणं घरंगळून परत येतं. आईने देवघराच्या फळीवरून पितळी डबा काढला, त्यात तेवीस नाणी निघाली. ताईने तळहात बरोबर त्या कडेवर टेकवला आणि पहिली गोळी सोडली. गोळी वर गेली, तीन वेळा घंटी वाजली, रेंगाळत.

कॅफेवाल्याला नाही म्हणून कळवलं. आता नाना, एक विचारायचंय. काचेच्या मागच्या पापुद्र्यांवर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रे मारतात असं वाचलं. तुम्ही कधी मारलाय का? तुम्ही हो म्हणाल तर आधी कोपऱ्यातल्या बोटभर जागेवर मारून बघेन, तोवर काच तशीच ठेवतो.