निवासी कॉलेजात स्टुडंट सेंटर बांधायचंय, यादी सोमवारपर्यंत द्यायची आहे. मदत हवी!

मास्तर_नवा: नमस्कार मंडळी. आमच्या निवासी कॉलेजात स्टुडंट सेंटर बांधायचं ठरलंय आणि समितीत माझं नाव घुसवलंय. मी केमिस्ट्रीचा माणूस. आर्किटेक्टला सोमवारी "काय काय हवं" त्याची यादी द्यायची आहे. संचालकांना ऑडिटोरियम हवंय, मुलांना कॅन्टीन, मेसवाल्याला काहीच नकोय. एकच मजला, ८०० चौ.मी. कुणी असं काही केलंय का? गुगल करून झालं, तिथे नुसते काचेचे फोटो.

जोतं_ते_स्लॅब: मुलं किती? मुली किती? जागा नेमकी कुठे? मेस आहे तिथेच राहणार की आत येणार? रात्री किती वाजेपर्यंत उघडं ठेवणार? हे न सांगता यादी मागणं म्हणजे पेशंट न दाखवता औषध मागणं.

चहाबाज: सेंटरबिंटर सोडा, झाडाखाली चांगलं कॅन्टीन टाका. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब बघा. नदीकाठ, बसायला जागा, खायला कॅन्टीन. रेगाटा, म्हणजे तिथला नौकांचा वार्षिक सोहळा, १९२८ पासून चालू आहे. 'सोशल स्पेस' आखायला कोणी सल्लागार नेमला होता का तिथे?

रातकिडा: २४ तास अभ्यासिका. बाकी सगळं गौण. आमच्या वेळी जागा धरायला पहाटे वह्या ठेवून यायचो.

चहाबाज: मास्तरांनी अभ्यासिका मागितली कुठे? लायब्ररी असेलच की.

रातकिडा: लायब्ररी आठला बंद होते. निवासी कॉलेजात तुम्ही राहिलेला दिसत नाही.

सातासमुद्रापार: मुलगी इथे मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्सला होती. छोटं निवासी कॉलेज, साधारण दोन हजार मुलं. जुना बॅक्स्टर हॉल पाडून त्यांनी २००७ मध्ये पॅरेस्की सेंटर उघडलं. जेवण, मुलांच्या टपालपेट्या, बसायच्या जागा, छोटं सभागृह, सगळं एका छताखाली. मुद्दा असा की पोराला काही ना काही कामासाठी तिथे जावंच लागतं. मग थांबतं, कोणीतरी भेटतं. टपालपेट्या नक्की ठेवा.

चहाबाज: काका, इथे मुलांना पत्रं कोण लिहितंय? 😄

माजी_रहिवासी: हसू नका, पार्सलं येतात ना! आमच्याकडे वॉचमनच्या केबिनबाहेर खोक्यांचा ढीग असायचा, पावसात भिजायचा. पार्सलची खोली सेंटरमध्ये द्या, सगळं कॉलेज रोज तिथून जाईल. झेरॉक्सवालाही तिथेच बसवा.

मास्तर_नवा: मुलं ११००, त्यात मुली साडेतीनशे. मेस वेगळीच राहील. जागा मुलांच्या वसतिगृहामागे, तीच मोकळी आहे. मुलींचं गेट साडेआठला बंद होतं, त्यामुळे रात्रीच्या गर्दीचा प्रश्न तसा नाही.

जोतं_ते_स्लॅब: अहो सर, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. सेंटर भरतं ते रात्री, जेवणानंतर. त्या वेळी तुमची एकतृतीयांश मुलं कुलपात.

माजी_रहिवासी: आणि मुलांच्या वसतिगृहामागे दिवसाही एकटी मुलगी जाणार नाही. यूजीसीची लैंगिक छळाविरुद्धची २०१५ची नियमावली वाचा. सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. यादीत पहिली ओळ ती लिहा.

नानासाहेब: पालकांना काय सांगणार? काही झालं तर जबाबदार कोण?

माजी_रहिवासी: नाना, पालक मुलांनाही असतात. रस्त्यावर दिवे लावा, सेंटरला शेवटपर्यंत माणूस ठेवा. कुलूप लावलं की जबाबदारी संपली, हा सोयीचा हिशेब आहे.

जोतं_ते_स्लॅब: नियमांचं तुम्ही बघा, मी जागेचं सांगतो. ३०० खुर्च्यांचं पायऱ्यांचं ऑडिटोरियम, स्टेज, ग्रीनरूम, फॉयर (दाराबाहेरचं दालन), स्वच्छतागृहं धरली की ८०० पैकी निम्म्याहून जास्त गेले. गॅदरिंग आणि दोन व्याख्यानं सोडली तर वर्षभर कुलूप. त्यापेक्षा सपाट फरशीचा हॉल करा, सरकते पडदे, एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या. एरवी त्यात टेबल टेनिस, नाटकाच्या तालमी. कॅन्टीनला टेबलांसह माणशी साधारण दीड चौ.मी. धरा. एका वेळी १०० बसले तर १५०, स्वयंपाकघर वेगळं. हॉलला बाहेर पडायचे दरवाजे किमान दोन, एकमेकांपासून लांब. रॅम्पला उतार १:१२, म्हणजे ६० सेंमी जोत्याला ७.२ मीटर लांबी. हे शेवटी आठवलं की रॅम्प कचराकुंडीकडे निघतो.

आणि रुंद ओटे, व्हरांडे विसरू नका. बेंगळुरूच्या आयआयएममध्ये आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी नुसते कॉरिडॉर काय केलेत! पोरं वर्गापेक्षा तिथेच जास्त.

नानासाहेब: दोशींचं ठीक, पण देखभाल कोण करणार? अहमदाबादच्या आयआयएममध्ये आर्किटेक्ट लुई कान्हची १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायला निघाले होतेच ना २०२० मध्ये.

जोतं_ते_स्लॅब: आणि जगभरातून ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत, तेव्हा तरी, मागे घेतलं. अर्धंच सांगू नका.

रातकिडा: अभ्यासिकेचं काय झालं?

मास्तर_नवा: ऑडिटोरियमचा हिशेब संचालकांना दाखवतो, आकडे पाहिले की ते ऐकतात. पार्सल खोली घेतली. वर्गांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सायकल स्टँड आहे, तो हलवून सेंटर तिथे घेता येईल का विचारतो. गेटच्या वेळेचा विषय काढणार, पण रेक्टर मॅडमच समितीच्या अध्यक्ष आहेत.

माजी_रहिवासी: मग मुलींची सही असलेलं पत्र सोबत न्या. समितीत एकही विद्यार्थिनी नाही का?

मास्तर_नवा: विद्यार्थीच नाहीत.

माजी_रहिवासी: 🤦‍♀️

गृहनिर्माण_त्रस्त: चांगली चर्चा. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसलाही हे १:१२ लागू होतं का? बिल्डर म्हणतो गरज नाही. जोतं साहेब, व्यनि केलाय, बघा.