आईवडिलांसोबत गाणं-वाजवणं : तुमच्या घरी कसं होतं?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. आमचे अप्पा पेटी वाजवायचे, आई अभंग म्हणायची आणि मी झांज धरायचो. एकादशीला तर ठरलेलंच, पण लोडशेडिंगच्या काळात जवळजवळ रोज, लाईट गेली की गच्चीवर सतरंजी टाकायची, पेटी वर न्यायची, शेजारचे पण यायचे आणि लाईट आली तरी कुणी खाली जायचं नाव काढत नव्हतं. लहानपणातलं सगळ्यात आवडतं काय असेल तर हेच. आता पोरगी तबला शिकायला लागलीय, तर परत सगळ्यांनी बसावं असं लई वाटतंय. अडचण अशी की पोरीचा तबला काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेला), अप्पांना ती पट्टी बरोबर बसते पण आईचा आवाज तिथं पार खाली जातो. आणि पेटी बरीच वर्षं बंद आहे. तुमच्याकडं कसं जमवायचे? आठवणी पण सांगा की.

षड्ज_पंचम
आईला काळी तीनमधून गाऊ द्या. काळी तीनचा पंचम (ती 'सा' धरली तर येणारा 'प') म्हणजे काळी एकच, त्यामुळं तबला तोच चालतो, परत लावत बसायला नको. आमच्या घरी असंच चालायचं, आईचा अभंग झाला की बाबांचा, मध्ये पट्टी बदलायची पण तबला तसाच.
पेटीचं म्हणाल तर सगळे खटके (पेटीच्या पुढच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता भरून बघा, हवा लगेच निसटली तर कारागिराला दाखवा. आपल्याकडचा उन्हाळा लाकडाला वाईट, खिडकीजवळ ठेवू नका.
आठवण एकच सांगतो. बाबा तबला लावताना मला म्हणायचे, 'सा धर, सोडू नको.' मी भाता मारत बसायचो, हात भरून यायचा, आणि ते गजऱ्यावर (तबल्याच्या तोंडाभोवतीची चामड्याची वेणी) हातोडीनं हळू ठोकत, चाटेवर (कातड्याच्या कडेवर) बोट मारत एकेक घर (गजऱ्याचा एकेक भाग) फिरवायचे. मध्ये अक्षर बोलायचे नाहीत. सूर जुळला की नुसतं माझ्याकडं बघायचे. मला सूर कळायला लागला तो तिथंच, क्लासमध्ये नाही.

पूर्वभाग
आमच्याकडं वाद्य असं काही नव्हतं ओ. अम्मा विड्या वळायची, मांडीवर सूप, कात्रीनं पानं कापता कापता तेलुगू गाणी म्हणायची. आम्ही बहिणी शेजारी बसून दोरा गुंडाळायचो आणि मागून ओळ धरायचो. वडील मागावरनं आले की डब्यावर ठेका. मोठी गाण्याची तालीम म्हणतात ती हीच असं मला आजही मनापासून वाटतं. शेजारच्या मराठी काकूंकडून अम्मानं अभंगही उचलले, उच्चार तिचे तेलुगू पण ताल एकदम पक्का.

टाळकरी
माझं सगळं वडिलांच्या मागं दिंडीत झालं. सोलापूर ते पंढरपूर 70-75 किलोमीटर, वाटेत ते मला टाळ कसा धरायचा ते दाखवायचे, दोरी बोटांत घट्ट आवळायची नाही, टाळ मोकळा राहिला तरच गुंजतो. मी जोरात वाजवायला लागलो की ते स्वतःचा टाळ हळू करायचे, मग मला आपोआप कमी करावं लागायचं. रागावले कधीच नाहीत. पोरीला असंच शिकवा.

जुळेसोलापूरकर
काळी तीनचं आईला लगेच सांगितलं, गुणगुणून पण बघितलं तिनं, बसतंय! पेटी उद्या दाखवतो. @पूर्वभाग अम्मा अजून गातात का?

पूर्वभाग
हो, गातात की. विड्या बंद झाल्या, डोळ्यांना दिसत नाही आता. पण नातीची वेणी घालताना सुरू होतात आणि वेणी संपली तरी गाणं संपेपर्यंत तिला उठू देत नाहीत.