शब्द हवा : गेममधल्या हत्याराचं 'कस्टमायझेशन'

अर्धमात्रा
एका ऑनलाइन फॅन्टसी रोल-प्लेइंग गेमचं मराठीकरण चालू आहे आणि गाडी एका बटणावर अडली आहे. हत्यार निवडलं की चार कप्पे उघडतात: सुटे भाग बदलणं (पातं, परज, मूठ), खडे बसवणं, +१ ते +१० अशी पातळी चढवणं आणि रंगरूप. या चौघांच्या वर एकच बटण, 'कस्टमायझेशन'. शब्दसूचीत 'सानुकूलन' आहे, पण ते वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे तलवार उभी राहणार नाही. 'वैयक्तिकीकरण' मावतच नाही. मर्यादा १० कोड पॉइंटची (अक्षर, मात्रा, हलन्त असं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजायचं), याला लागतात १२. सुचवा.

खोबण
नाम शोधत बसू नका, क्रियापदं घ्या. भाग जोडतात, खडे जडवतात, धार पाजवतात, रंग चढवतात. कप्प्यांना 'जोडा, जडवा, पाजवा, रंगवा', वरच्या बटणाला 'घडण'. याचा फायदा रचनेलाही होतो. रूप बदललं की ताकदही बदलली असं खेळाडूला वाटता कामा नये. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमने २०११ मध्ये एका हत्यारावर दुसऱ्याचं रूप चढवायची सोय आणली, तीही स्वतंत्र नाव देऊन. 'रंगवा' म्हटलं की मारा वाढणार नाही हे शब्दातच आलं.

पोलाद
'पाजवणे' म्हणजे फक्त धार लावणे. पातळी चढवायला मराठीत याहून नेमका शब्द आहे: पाणी देणे. पातं लालभडक तापवून एकदम बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळही. आपटलं तर तुकडा उडतो. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर, साधारण २०० ते ३०० अंश सेल्सियसवर, धरायचं. आच जास्त झाली की पाणी उतरतं आणि धार मऊ पडते. गेममध्येही प्रयत्न फसला की पातळी खाली येत असेल, तर '+७ वरून +६' असं लिहिण्याऐवजी 'पाणी उतरलं' लिहा. जमलं तर 'पाणी चढलं'. मुळात 'पाजवणे' हेही 'पाणी पाजणे' यातूनच आलंय.

तिरपी मात्रा
शेवटच्या वाक्याला हरकत. दिवा पाजळतात, तसंच हत्यार पाजळतात. मूळ प्रज्वलनात आहे. घासलेलं पातं चकाकतं म्हणून. पाण्याचा संबंध नाही.

पोलाद
दिव्याचं मान्य. पण 'पाजळणे' आणि 'पाजवणे' एकच आहेत हे आधी दाखवा.

रफार
खड्यांच्या जागेला काय ठरवलंत? 'कोंदण' घ्या. हिरा कोंदणात बसवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

खोबण
कोंदण सुंदर आहे, पण इथे चुकीचं. खडा बसला, भोवती सोनं दाबलं, म्हणजे कोंदण. 'रिकामं कोंदण' हा प्रकार कानाला खटकतो, आणि गेममध्ये तर बहुतेक वेळ ती जागा रिकामीच असते. शिवाय तिथला खडा काढता येतो. 'घर' म्हणा, पटावर असतं तसं. 'रिकामी घरे : २.' जिथे क्रम महत्त्वाचा असतो तिथे घर जास्तच शोभतं. डायब्लो २ या गेममध्ये रून (जादूच्या अक्षरांचे खडे) ठरलेल्या क्रमाने बसवून त्यांचा 'शब्द' जुळवावा लागतो, हत्यार साधं, जादू नसलेलं लागतं आणि घरं नेमकी तेवढीच लागतात. चार रूनच्या शब्दाला पाच घरांची तलवार चालत नाही. क्रम चुकला तर प्रत्येक रूनचा सुटा गुण मिळतो, शब्दाचा मिळत नाही. 'पहिलं घर, दुसरं घर' म्हटलं की हे समजावणं सोपं जातं.

रफार
मोजायला घर, बसवायला कोंदण. दोन्ही ठेवा. लोक वापरतील ते टिकेल.

निखळ
'चिलखत', 'बख्तर', 'दस्ताना' हे शब्दसूचीत कशाला? कवच, शिरस्त्राण, हस्तत्राण असे आपले शब्द असताना फारसीची उसनवारी नको.

अर्धमात्रा
कवच जादूच्या संरक्षणाला राखून ठेवलंय. मंत्र म्हटला, १० सेकंद कवच मिळालं. अंगात घालायचं ते चिलखत. दोन्हींना कवच म्हटलं तर 'कवच फुटले' वाचून खेळाडू लोहाराकडे धावेल की मंत्र पुन्हा म्हणेल?

आणि शिरस्त्राणाची अडचण वेगळीच. दिसायला चार अक्षरं, मोजायला १० कोड पॉइंट. खणांच्या लेबलाला मर्यादा ८ ची. कापलं की पडद्यावर 'शिरस्त्र' उमटतं आणि एखाद्या अस्त्राचं नाव वाटतं. कापाकापी अक्षरांच्या हिशेबाने व्हावी असं प्रोग्रामरना सांगितलंय, तोवर 'टोप'.

तिरपी मात्रा
मग 'जिरेटोप' का नको?

पोलाद
त्यातलं 'जिरे' हे 'झिरह', म्हणजे कड्यांचं चिलखत. अर्थाने अगदी बरोबर. पण आज हा शब्द ऐकला की एकच विशिष्ट आकार डोळ्यांपुढे येतो, शिंगांचं लोखंडी शिरस्त्राण येत नाही. चित्र आणि शब्द भांडले की खेळाडू चित्राचं ऐकतो.

खोबण
शब्दांइतकंच जोडकामाकडे बघा. 'जळता' + 'तलवार' असं यंत्राने चिकटवलं तर घोटाळा: जळती तलवार, जळता भाला, जळतं धनुष्य. पुढे 'भाला' + 'चे' = 'भालाचे'. प्रत्येक नामाचे चार रकाने हवेत: मूळ रूप, सामान्यरूप (तलवारी-, भाल्या-), लिंग, अनेकवचन. विशेषणं होता होईतो न बदलणारी निवडा. धारदार, जहरी, अभेद्य, वजनदार. वीस विशेषणांतली पंधरा अशी निघाली तरी बरंच काम वाचतं.

रफार
'डॅमेज'ला 'नुकसान' लिहू नका, एवढी विनंती. 'तलवार – नुकसान ४०' म्हणजे तलवारच ४० ने खराब झाली असा अर्थ होतो, आणि खालीच टिकाऊपणाचा आकडा असतो! 'मारा ४०' लिहा.

अर्धमात्रा
हे लगेच बदलतो. त्यावरून आणखी एक: 'दर पातळीला मारा १०% वाढतो' हे वाक्य अपुरं आहे. मूळ माऱ्याच्या १०% असेल तर +१० ला ४० चे ८० होतात. चालू माऱ्याच्या १०% असेल तर जवळपास १०४. आमच्याकडे पहिला हिशेब आहे, तेव्हा 'मूळ माऱ्याच्या' हे दोन शब्द कितीही जागा खावोत, राहणार. आता बटणाचं सांगा. 'घडण' पक्कं करू?

निखळ
घडण म्हणजे वस्तू मुळात कशी घडली ते. खेळाडू तयार तलवारीत फेरफार करतोय. 'फेरबदल' म्हणा.

पोलाद
फेरबदल मंत्रिमंडळात होतात. पातं एकीकडचं, मूठ दुसरीकडची अशा तलवारीला जुना शब्द आहे, 'फिरंग': युरोपीय पातं, देशी मूठ. सुट्या भागांचा खेळ नवा नाही.

खोबण
फिरंग एका तलवारीचं नाव, बटणाचं नव्हे. भालाही त्याच बटणाखाली येतो. पण त्यावरून, अर्धमात्रा, तुमच्या पहिल्या कप्प्यात पातं, परज आणि मूठ वेगळे आहेत. परज म्हणजे अख्खी मूठच ना? तलवार परजणे म्हणजे ती मुठीने पेलून फिरवणे.

तिरपी मात्रा
नाही, परज म्हणजे मुठीपुढची बोटं सांभाळणारी कमान. मूठ तिच्या आत.

अर्धमात्रा
आमच्या चित्रात कमान वेगळी सुटते, म्हणून वेगळा भाग. तिचा खालचा सांधा सगळ्या मुठींना एकाच बिंदूवर ठेवलाय, नाहीतर रुंद पात्याखाली फट दिसते. पण खोबण म्हणतात तो अर्थही कानावर आहे. आणि रकाना भरायचाय: परज बसवला की परज बसवली?